स्टार ट्रेकचा ‘द मेनॅजरी’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टार ट्रेक ही अंतराळ मोहिमांवरची जुनी अमेरिकन मालिका नव्याने बघायला घेतलेले वाचक ‘द मेनॅजरी’पाशी आले की हमखास थबकतात आणि प्रश्न पाठवतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्न ९ पर्यंत शेवट फोडलेला नाही. प्रश्न १० पासून मात्र सगळं उघड आहे, तेव्हा एपिसोड पाहिला नसेल तर तिथे थांबा.

१. ‘द मेनॅजरी’ म्हणजे नेमका कुठला एपिसोड?

मूळ स्टार ट्रेकच्या पहिल्या सीझनमधली दोन भागांची कथा. अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर पहिला भाग १७ नोव्हेंबर १९६६ रोजी लागला आणि दुसरा पुढच्या आठवड्यात, २४ नोव्हेंबरला. मालिकेचे तीन सीझन झाले, ७९ एपिसोड दाखवले गेले, आणि त्यांत दोन भागांत सांगितलेली गोष्ट ही एवढी एकच. लेखन मालिकेचे जनक जीन रॉडनबरी यांचं. पहिल्या भागावर दिग्दर्शक म्हणून मार्क डॅनियल्स यांचं नाव आहे, दुसऱ्यावर रॉबर्ट बटलर यांचं. दोन वेगळी नावं का, ते प्रश्न ४ मध्ये आहे.

२. शेवट न सांगता गोष्ट थोडक्यात सांगाल का?

स्टारबेस ११ या अंतराळ तळावरून बोलावणं आलं, असं एंटरप्राइज या अंतराळजहाजावरचा अधिकारी स्पॉक सांगतो, म्हणून कॅप्टन कर्क जहाज तिथे आणतो. तळाचे प्रमुख कमोडोर मेंडेझ म्हणतात, आम्ही कुणालाच बोलावलेलं नाही. एंटरप्राइजचा आधीचा कॅप्टन ख्रिस्तोफर पाइक त्याच तळावर आहे. प्रशिक्षणार्थींच्या जहाजावर अपघात झाला तेव्हा आत अडकलेल्या मुलांना बाहेर काढताना त्याला भयंकर किरणोत्सर्ग लागला. आता तो यंत्राच्या खुर्चीला खिळलेला आहे. हलता येत नाही, बोलता येत नाही. खुर्चीवरचा दिवा एकदा लागला तर ‘हो’, दोनदा लागला तर ‘नाही’.

मग स्पॉक खोटे हुकूम तयार करतो, पाइकला जहाजावर आणतो आणि जहाज टॅलोस ४ या ग्रहाच्या दिशेने पळवतो. त्या ग्रहावर जाण्याला स्टारफ्लीटमध्ये, म्हणजे त्यांच्या अंतराळ दलात, मृत्युदंड आहे. कर्क आणि मेंडेझ छोट्या शटलमधून पाठलाग करतात. इंधन संपत येतं तेव्हा स्पॉक स्वतःच त्यांना जहाजावर ओढून घेतो आणि मला अटक करा म्हणतो. कोर्ट मार्शल सुरू होतं. बचाव म्हणून स्पॉक पडद्यावर तेरा वर्षांपूर्वीची पाइकची टॅलोस मोहीम दाखवू लागतो. ते चित्रण येतंय कुठून, हाच पहिल्या भागाचा ताण आहे.

३. आधी ‘द केज’ बघू की थेट ‘द मेनॅजरी’?

थेट ‘द मेनॅजरी’. यावर लोक वाद घालतात, पण माझं मत पक्कं आहे. ‘द केज’ हा मालिकेचा पहिला पायलट, म्हणजे वाहिनीला दाखवायला केलेला नमुना एपिसोड. तो आधी पाहिलात तर कोर्टाच्या पडद्यावर पुढे काय येणार हे तुम्हाला ठाऊक असेल, आणि स्पॉक असं का वागतोय हे कोडंच उरणार नाही. उलट क्रमाने गेलात तर ‘द केज’ हा मूळ खर्डा म्हणून वाचता येतो आणि त्याचा शेवट वेगळाच भिडतो (प्रश्न १२). फक्त मध्ये फार दिवस जाऊ देऊ नका.

४. एकाच गोष्टीत जहाजाची दोन वेगळी रूपं, वेगळे गणवेश, वेगळी माणसं. हे असं का केलं?

कारण त्यातला मोठा भाग दोन वर्षं आधी चित्रित झालेला होता. १९६४ च्या अखेरीस डेसिलू स्टुडिओने ‘द केज’ चित्रित केला. दिग्दर्शक रॉबर्ट बटलर, कॅप्टन पाइकच्या भूमिकेत जेफ्री हंटर. खर्च सहा लाख डॉलरच्या वर गेला, त्या काळी पायलटसाठी ही फारच मोठी रक्कम होती. एनबीसीने तो नाकारला, पण दुसरा पायलट करायला सांगितला. असं सहसा होत नसे. दुसऱ्या पायलटमध्ये विल्यम शॅटनर कर्क म्हणून आले आणि मालिका ८ सप्टेंबर १९६६ ला सुरू झाली.

सुरू झाली आणि लगेच धाप लागली. दृश्य करामतींची कामं वेळेत हातात येत नव्हती, पैसा आटत होता आणि प्रसारणाच्या तारखा तोंडावर येत होत्या. तेव्हा रॉडनबरींनी कपाटात पडून असलेला ‘द केज’ बाहेर काढला आणि त्याच्याभोवती स्पॉकच्या बंडाची आणि कोर्ट मार्शलची नवी चौकट लिहिली. ऑक्टोबर १९६६ मध्ये मार्क डॅनियल्स यांनी ती चौकट चित्रित केली. साधारण एका एपिसोडच्या मेहनतीत दोन एपिसोड हाती आले. दुसऱ्या भागात जुनं चित्रण जास्त, म्हणून त्यावर बटलर यांचं नाव.

हे ठिगळ होतं, यात शंका नाही. पण पैसे वाचवायला जुनं चित्रण वापरणाऱ्या मालिका पात्रांना आठवणी काढत बसवतात आणि गोष्ट जागच्या जागी थांबते. इथे जुनं चित्रण हाच पुरावा आहे, ते बघणाऱ्यांपैकी एक जण त्याच चित्रणातला नायक आहे, आणि तो एक अक्षर बोलू शकत नाही. पडद्यावरचा तरणाबांड पाइक आणि त्याच्यासमोर खुर्चीत जखडलेला पाइक एका खोलीत आले, की जुन्या पायलटमध्ये नव्हतीच अशी व्यथा त्यात येते. घाईच्या पोटी एवढं नेमकं काम मी दुसऱ्या कुठल्या मालिकेत पाहिलेलं नाही.

५. एनबीसीने ‘द केज’ नाकारला तो का?

वाहिनीला तो अति बौद्धिक वाटला, प्रेक्षकांच्या डोक्यावरून जाईल असं वाटलं. त्यात मारामारी कमी आहे आणि संघर्ष मनाच्या आत चालतो. पाइक पिंजऱ्यात अडकलाय, आणि समोर दिसतंय ते खरं की टॅलोसवासींनी मनात घातलेला आभास हे त्याला ओळखायचं आहे.

६. जुन्या चित्रणात स्पॉक चक्क हसतो आणि ओरडतो. ही चूक आहे का?

चूक नाही. तेव्हा स्पॉक अजून घडायचा होता. ‘द केज’मध्ये थंड, तर्कनिष्ठ, भावना न दाखवणारं पात्र म्हणजे कॅप्टननंतरची जहाजावरची पहिली अधिकारी ‘नंबर वन’. ती भूमिका मेजल बॅरेट यांनी केली. दुसऱ्या पायलटमध्ये नंबर वन हे पात्रच काढून टाकलं आणि तिचा तो शांत तर्कनिष्ठपणा स्पॉककडे आला. लेनर्ड निमॉय दोन्ही पायलटमध्ये आहेत, पण पहिल्यात त्यांचा स्पॉक ग्रहावरची गाणारी निळी पानं हातात धरून मोकळेपणाने हसतो. पान दाबलं की सूर थांबतो हे त्याला कळतं, आणि त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर एखाद्या मुलासारखं नवल उमटतं. ते दृश्य जरूर थांबवून बघा. मालिकेच्या आत याचं कारण शोधायचंच असेल, तर तेरा वर्षांपूर्वीचा स्पॉक तरुण होता, एवढं पुरे.

मेजल बॅरेट पुढे याच मालिकेत नर्स चॅपल झाल्या, आणि स्टार ट्रेकमधल्या जहाजांच्या कॉम्प्युटरचा आवाजही अनेक वर्षं त्यांचाच होता.

७. खुर्चीतला पाइक आणि पडद्यावरचा पाइक एकच नट आहे का?

नाही. पडद्यावर दिसतात ते जेफ्री हंटर. दुसऱ्या पायलटसाठी ते परत आले नाहीत, त्यामुळे चौकट चित्रित करताना तेही नव्हते. खुर्चीत बसले आहेत शॉन केनी. चेहऱ्यावर जळाल्याच्या खुणांचा जाड मेकअप असल्यामुळे फरक झाकला गेला. केनी पुढे याच सीझनमध्ये मेकअपविना, लेफ्टनंट डीपॉल म्हणून एंटरप्राइजच्या ब्रिजवर, म्हणजे नियंत्रण कक्षात, दिसतात.

हंटर १९६९ मध्ये वारले, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी.

८. हिरव्या रंगाच्या नर्तिकेचं दृश्य चित्रित करताना काय गोंधळ झाला होता?

हिरव्या त्वचेची ओरायन नर्तिका म्हणून जी दिसते ती व्हिना, टॅलोसवर पाइकला भेटणारी स्त्री. भूमिका सुझन ऑलिव्हर यांची. हा रंग कॅमेऱ्यात कसा दिसतो हे बघायला आधी मेजल बॅरेट यांना हिरवं रंगवून चाचणी घेतली. फिल्म धुऊन आली तर त्वचा नेहमीसारखी. मेकअपवाल्यांनी रंग आणखी गडद केला, तरी तेच. शेवटी उलगडा झाला: लॅबमधल्या लोकांना हिरवी बाई ही प्रक्रियेतली चूक वाटत होती, म्हणून ते दर वेळी इमानेइतबारे रंग दुरुस्त करून पाठवत होते.

९. टॅलोसवासींचा आवाज त्यांच्या चेहऱ्याशी जुळत नाही असं वाटतं. का?

कारण चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा आहे. टॅलोसवासींच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, म्हणजे देह नाजूक आणि मोठं डोकं आणखी मोठं दिसेल. मुख्य ‘कीपर’ (पिंजऱ्याचा रखवालदार) मेग वायली आहेत आणि आवाज मालाकाय थ्रोन यांचा. अडचण अशी झाली की ‘द मेनॅजरी’त कमोडोर मेंडेझची भूमिकाही थ्रोन यांनीच केली. एकाच गोष्टीत दोन पात्रांचा आवाज सारखा नको, म्हणून कीपरचा आवाज यांत्रिकरीत्या बदलून घेतला. ‘द केज’ स्वतंत्रपणे पाहिलात तर हा फरक लगेच कानाला जाणवेल.

१०. मेंडेझ खरा होता की आभास? मग शटलमध्ये कर्कसोबत कोण होतं?

स्टारबेसवरचा मेंडेझ खरा. शटलमध्ये आणि नंतर एंटरप्राइजवर कर्कसोबत असलेला मेंडेझ आभास. हे कीपर शेवटी स्वतः सांगतो. कर्कची जिद्द किती आहे हे स्पॉकने टॅलोसवासींना आधीच सांगितलं होतं, आणि जहाज परत ताब्यात घेण्यापासून त्याचं लक्ष दुसरीकडे वळवायला कोर्ट मार्शलचं नाटक रचलं गेलं.

पुढचा प्रश्न बहुतेक जण इथेच विचारतात: टॅलोसवासींची शक्ती इतक्या लांब पोहोचते कशी? एपिसोड यावर काही बोलत नाही. ‘द केज’मध्ये कक्षेत फिरणाऱ्या जहाजापर्यंत ती पोहोचते एवढंच दिसतं. हा कथेतला कच्चा दुवा आहे आणि तो तसाच मान्य करावा. त्यासाठी रचलेले तर्क मला पटलेले नाहीत.

११. स्पॉकने विचारलं तेव्हा पाइक पुन्हा पुन्हा ‘नाही’ म्हणतो. मग स्पॉकने त्याला जबरदस्तीनेच नेलं ना?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न माझ्या मते हाच. स्टारबेसवर स्पॉक आपला बेत पाइकच्या कानावर घालतो तेव्हा दिवा दोनदा लागतो, पुन्हा दोनदा, पुन्हा दोनदा. आसपासच्यांना वाटतं, पाइक कशाला तरी घाबरलाय. पहिल्यांदा पाहताना आपल्यालाही तसंच वाटतं, आणि स्पॉक निर्दय भासतो.

शेवटी कर्क पाइकला विचारतो, तुला तिथे जायचं आहे का? दिवा एकदाच लागतो. म्हणजे टॅलोसवर जायला त्याची ना कधीच नव्हती. ना होती ती स्पॉकने आपल्यापायी मृत्युदंड ओढवून घेण्याला. दोन दिव्यांच्या भाषेत एवढा फरक सांगायची सोयच नव्हती. तीच अडचण स्पॉकची कर्कबाबत. कर्क विचारतो, माझ्याकडे का आला नाहीस? स्पॉकच्या उत्तराचा आशय असा की तुम्हालाही मृत्युदंडात ओढायचं कशाला, एक जण पुरे. तिघेही एकमेकांना वाचवायला बघत आहेत आणि तिघांनाही ते उघड बोलता येत नाही.

तरीही आक्षेप पूर्ण मिटत नाही, हे कबूल केलं पाहिजे. संमती शेवटी मिळाली, पण निघताना ती नव्हती. स्पॉकने मित्राच्या ‘नाही’चा अर्थ स्वतःच्या जबाबदारीवर लावला. तो बरोबर निघाला, पण चुकलाही असता. एपिसोड हा प्रश्न तुमच्यासमोर टाकतो आणि पुढे जातो, आणि म्हणूनच तो मला आजही तेवढाच ताजा वाटतो.

कोर्टात तिघांचाही कौल ‘दोषी’ पडतो, त्यात पाइकही आला. ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्यानेही ‘दोषी’ म्हणावं, याला कुणी विसंगती म्हणतात. मला ती वाटत नाही. आरोप खराच होता, आणि पाइक शेवटपर्यंत स्टारफ्लीटचा अधिकारी आहे.

१२. शेवटचं दृश्य, व्हिना आणि पाइक हातात हात घालून जातात ते, ‘द केज’मध्येही जसंच्या तसं आहे. अर्थ एकच का?

चित्रण एकच आहे, अर्थ उलटा आहे. जोडकामातली खरी करामत इथे आहे.

आधी व्हिनाविषयी. तिचं जहाज ‘कोलंबिया’ टॅलोसवर कोसळलं. ती मरणाच्या दारात होती. टॅलोसवासींनी तिला वाचवलं, पण मनुष्य कसा दिसतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून मोडलेलं शरीर त्यांनी अंदाजाने जोडलं. तिचं देखणेपण हा आभास. खऱ्या रूपात तिला ग्रह सोडून माणसांत जायचं नाही.

‘द केज’मध्ये खरा पाइक जहाजावर परत जायला निघतो. मागे बघतो तर व्हिनासोबत एक आभासी पाइक चाललेला असतो, टॅलोसवासींनी तिला दिलेली सोबत. कीपर त्याला म्हणतो ते असं: तिच्याकडे आभास आहे, तुमच्याकडे वास्तव, तुमची वाट तितकीच सुखाची जावो. तिथे पाइक आभास नाकारून वास्तव निवडणारा माणूस आहे आणि आभास ही व्हिनाच्या वाट्याला आलेली भीक आहे.

‘द मेनॅजरी’त तोच तुकडा कर्क पडद्यावर बघतो. आता व्हिनाचा हात धरून जाणारा पाइक हाच खरा पाइक, खुर्चीतून सुटलेला. कीपरच्या वाक्यात बदल फक्त नावाचा: आता आभास कॅप्टन पाइककडे आहे. पायलटमध्ये जो पिंजरा होता तोच इथे आसरा झाला, आणि त्यासाठी एक फूटही नवं चित्रण लागलं नाही. चौकट लिहिणाऱ्याने जुन्या शेवटाकडे पाहून ओळखलं की इथे बदलायची आहे ती फक्त बघणाऱ्याची जागा.

१३. मृत्युदंड जनरल ऑर्डर ७ मोडल्याबद्दल, की जनरल ऑर्डर ४?

मालिका स्वतःशीच भांडते. ‘द मेनॅजरी’त टॅलोस ४ वर जाण्याची बंदी म्हणजे जनरल ऑर्डर ७, आणि मृत्युदंडाचा तेवढा एकच नियम उरलाय असं स्पष्ट सांगितलं जातं. १९६९ च्या ‘टर्नअबाउट इंट्रूडर’मध्ये, म्हणजे मालिकेच्या अगदी शेवटच्या एपिसोडमध्ये, तेवढा एकच अपवाद जनरल ऑर्डर ४ असल्याचं पात्रं बोलतात. ‘द मेनॅजरी’च्या घटनांनंतर ७ रद्द होऊन ४ आला, असा तर्क चाहते देतात. तो अशक्य नाही, पण पडद्यावर त्याला आधार नाही. लेखकांच्या हातून निसटलं, हेच खरं वाटतं.

स्पॉक सुटतो कसा, असंही विचारतात. टॅलोसवरून येणारं चित्रण स्टारबेसलाही दिसत होतं. पाइकची अंतराळ संशोधनातली कामगिरी लक्षात घेऊन या वेळेपुरता जनरल ऑर्डर ७ स्थगित केल्याचा निरोप खऱ्या मेंडेझकडून येतो.

१४. इतक्या पुढारलेल्या काळात पाइकला फक्त हो आणि नाही? ही गोष्ट आज खटकते.

खटकायलाच हवी. मेंदू शाबूत असलेल्या माणसाकडून एका दिव्याच्या उघडझापीने अक्षरं, शब्द, वाक्यं काढून घेता येतात. तारयंत्रावर मोर्सच्या लिपीत हेच चालायचं, आणि स्टार ट्रेकच्या काळात तर बोलणारे कॉम्प्युटर आहेत. १९६६ च्या लेखकांना कथेसाठी मुका पाइक हवा होता (प्रश्न ११ मधलं सगळं त्यावरच उभं आहे), म्हणून त्यांनी तो तसा ठेवला.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: अपंग माणसाचं भलं आभासात पाठवण्यातच, असं ही कथा सुचवते का? व्हिना आणि पाइक दोघांच्याही बाबतीत उत्तर तिकडेच झुकतं. कथेवर प्रेम असूनही हे मला बोचतं. पाइकचा अंतिम ‘हो’ कर्क स्पष्ट विचारून घेतो, एवढाच त्यातला दिलासा.

१५. ‘द केज’ कुठे रंगीत दिसतो, कुठे अर्धा कृष्णधवल. खरा कुठला?

‘द मेनॅजरी’ जोडताना ‘द केज’ची मूळ फिल्म कापली गेली. रॉडनबरींकडे १६ मिलिमीटरची एक कृष्णधवल प्रत उरली होती. १९८६ मध्ये व्हिडिओ कॅसेट आली ती यातूनच: ‘द मेनॅजरी’त वापरलेले तुकडे रंगीत, बाकीचे कृष्णधवल. पुढच्याच वर्षी कापून टाकलेले रंगीत तुकडे एका फिल्म लॅबमध्ये सापडले, आणि १९८८ मध्ये पूर्ण रंगीत ‘द केज’ प्रथमच टीव्हीवर दाखवला गेला. आज मिळतो तो बहुधा हाच. ‘द मेनॅजरी’ स्वतः मात्र पहिल्यापासून रंगीत आहे.

१६. याला पुरस्कार मिळाला होता का?

हो. विज्ञानकथांसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार, १९६७ चा, सर्वोत्तम नाट्य सादरीकरणासाठी. त्या वर्षी नामांकनांत स्टार ट्रेकचेच आणखी दोन एपिसोड होते, शिवाय ‘फॅरनहाइट ४५१’ आणि ‘फँटॅस्टिक व्हॉयेज’ हे चित्रपट.

१७. ‘डिस्कव्हरी’ आणि ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या स्टार ट्रेकच्या नव्या मालिका पाहिल्यावर ‘द मेनॅजरी’ बिघडतो का?

थोडा बिघडतो, बराच समृद्ध होतो. २०१९ मध्ये ‘डिस्कव्हरी’च्या दुसऱ्या सीझनमध्ये अँसन माउंट पाइक म्हणून आले. ‘इफ मेमरी सर्व्ह्ज’ हा भाग ‘द केज’च्या जुन्या तुकड्यांनीच सुरू होतो, आणि त्यात पाइक व व्हिना पुन्हा एकमेकांना दिसतात. त्यामुळे ‘द मेनॅजरी’तली त्यांची भेट तेरा वर्षांनंतरची पहिली उरत नाही. तेवढं नुकसान मानावं लागेल.

मिळकत मोठी आहे. त्याच सीझनमध्ये बोरेथ ग्रहावर पाइकला आपलं भविष्य दिसतं: अपघात, भाजलेला चेहरा, ती खुर्ची. मागे फिरण्याची संधी असते, तरी तो ते भविष्य स्वीकारतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’मध्ये हे ओझं घेऊनच तो कॅप्टनची खुर्ची सांभाळतो, आणि पहिल्या सीझनच्या अखेरीस, दैव टाळलं तर काय होतं हेही त्याला बघायला मिळतं. हे पाहून ‘द मेनॅजरी’कडे परत आलात, की आगीत मुलांसाठी धावणारा पाइक आपल्याला काय होणार हे माहीत असूनच आत गेला, हे लक्षात येतं. १९६६ च्या लेखकांच्या मनात हे नव्हतं. तरी एपिसोडमधला एकही संवाद त्याच्या आड येत नाही.

क्रम विचारत असाल तर प्रश्न ३ मधलंच उत्तर पुढे न्या: ‘द मेनॅजरी’, मग ‘द केज’, मग ‘डिस्कव्हरी’चा दुसरा सीझन, मग ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’. आणि ते सगळं झालं की ‘द मेनॅजरी’चा पहिला भाग पुन्हा एकदा, त्या दोन-दोन दिव्यांसाठी.